बोर्डात 94 टक्के, मग एसएटीत गाडी का अडते?

माझी भाची नाशिकला असते. दहावीला 94 टक्के, इंग्रजीत 91, गणितात 97, आता अकरावीत आहे आणि जेईईचा क्लास चालू आहे. मध्यंतरी घरात ठरलं की अमेरिकेतल्या कॉलेजांनाही अर्ज करून बघू, म्हणून तिनं लॅपटॉपवर एसएटीची पहिली प्रॅक्टिस टेस्ट दिली आणि रात्री साडेदहाला मला फोन. 1600 पैकी 1180, त्यात गणित 660 आणि इंग्रजी 520. रडकुंडीला आलेली, "मामा, मला इंग्रजी येत नाही का रे?" म्हटलं आधी स्क्रीनशॉट पाठव. बघतो तर नऊ प्रश्न कोरे. का सोडलेस विचारलं तर म्हणे निगेटिव्ह मार्किंग असेल ना.

नसतं! एसएटीत चुकीच्या उत्तराचे मार्क कापणं 2016 सालीच बंद झालं, परदेशी कॉलेजांसाठीच्या जीआरई, आयईएलटीएस या परीक्षांतही कापत नाहीत. चार पर्यायांचा प्रश्न कोरा सोडला म्हणजे पंचवीस टक्के शक्यता फुकटची होती ती पण घालवली. पण पोरीचा दोष काय, जेईई मेनला बरोबर आलं तर चार आणि चुकलं तर एक वजा, नीटला तेच, आणि क्लासमध्ये सर रोज ओरडतात की खात्री नसेल तर हात लावू नका. वर्षभर हे कानावर पडलं की हात आपोआप थांबतो.

मला तर वाटतं सगळी गोम इथेच आहे. परदेशी कॉलेजांच्या या परीक्षांचा अभ्यासक्रम बघितला तर घाबरण्यासारखं काही नाही, एसएटीच्या गणितात कॅल्क्युलस औषधालाही नाही, बरंचसं आपल्या दहावी-अकरावीच्या आतलं. अडचण होते ती आपल्या परीक्षांनी हाताला आणि डोक्याला लावलेल्या सवयींची, ज्या इथे मार्क मिळवून देतात आणि तिथे नेमक्या आडव्या येतात. म्हणून मी भाचीला फोनवर तुकड्यातुकड्यात जे समजावलं तेच इथे लिहितोय, कुणाच्या घरी पोरगं तयारी करत असेल तर उपयोग होईल.

आधी पटकन ओळख. एसएटी ही बारावीनंतर बॅचलर्सला जायची परीक्षा, मुख्यतः अमेरिकेसाठी, कॉलेज बोर्ड नावाची संस्था घेते. (एसीटी म्हणून तिची एक बहीण आहे, 36 पैकी मार्क असतात, आपल्याकडे कमी पोरं देतात.) जीआरई ही पदवीनंतर एमएस, पीएचडीसाठी, ती ईटीएसची. आयईएलटीएस, टोफेल, पीटीई, ड्युओलिंगो या इंग्रजी येतं की नाही एवढंच बघणाऱ्या परीक्षा. एमबीएवाल्यांची जीमॅट वेगळी, तिच्यात मी शिरत नाही.

आता एसएटी. आपल्याकडे मार्च 2023 पासून ती पूर्ण कॉम्प्युटरवर आली, ब्लूबुक नावाच्या ॲपमध्ये. 2 तास 14 मिनिटं आणि 98 प्रश्न. इंग्रजीचे 54 आणि गणिताचे 44, आणि दोन्ही विषयांचे परत दोन-दोन तुकडे, त्याला मॉड्यूल म्हणतात. पहिल्या मॉड्यूलमध्ये सोपे-अवघड सगळे मिसळलेले प्रश्न असतात. तुम्ही तिथे कसं खेळलात ते बघून सॉफ्टवेअर ठरवतं की दुसरं मॉड्यूल अवघड द्यायचं की सोपं. सोपं आलं तर पोरं खूश होतात, वा काय पेपर गेला म्हणून, पण खरी गोष्ट अशी की सोपं मॉड्यूल मिळालं तेव्हाच वरचे मार्क हातातून गेलेले असतात, त्यातले सगळे बरोबर आले तरी 750-800 कडे जाता येत नाही. उलट दुसरा भाग वाचून घाम फुटला तर समजायचं की पहिला भाग बरा गेला. आपल्याला शाळेपासून शिकवलंय की पेपर सोपा गेला म्हणजे चांगला गेला, त्यामुळे पोरं अवघड मॉड्यूल दिसलं की मनातून हरतात आणि तिथेच गडबडतात. भाचीला मी हे तीन वेळा सांगितलं, तरी दुसऱ्या टेस्टनंतर तिचा मेसेज आलाच, "पेपर खूप हार्ड होता, गेला." मार्क ऐंशीनं वाढले होते.

अजून एक. कुठल्याही मॉड्यूलच्या आत पुढे-मागे जाता येतं, प्रश्नावर खूण करून नंतर परत येता येतं, फक्त मॉड्यूल संपलं की दार बंद. काही क्लासवाले अजून सांगतात की पहिले पाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे, त्यांच्यावर जास्त वेळ घाला. हे जुन्या जीआरईचं ज्ञान आहे. मी ती 2010 साली दिली, तेव्हा एक प्रश्न झाला की त्यावरून पुढचा ठरायचा आणि मागे जाणं नाहीच. ती पद्धत जीआरईनं 2011 सालीच सोडली, आता तिथेही अख्ख्या सेक्शनवरून पुढचा सेक्शन ठरतो. सल्ला मात्र पंधरा वर्षं तसाच फिरतोय.

मार्क कसे देतात याचा गोंधळ तर विचारू नका. आपल्याला सीईटीचं पर्सेंटाईल माहिती असतं, म्हणजे तुमच्या शिफ्टला बसलेल्या पोरांमध्ये तुम्ही कुठे आहात. त्यामुळे आपली पोरं विचारतात की ऑक्टोबरची एसएटी सोपी असते का, डिसेंबरला हुशार पोरं जास्त बसतात का. इथे तसं काही होत नाही. प्रत्येक प्रश्न किती अवघड आहे हे आधीच मोजून ठेवलेलं असतं, त्यासाठी दर मॉड्यूलमध्ये दोन प्रश्न असे घुसवतात की ज्यांचे मार्क धरतच नाहीत, नुसती चाचपणी, कुठले दोन ते आपल्याला कळत नाही. त्या मोजमापावरून तुमचा स्कोअर निघतो, शेजारच्या बाकावर कोण बसलंय याचा संबंध नाही. म्हणूनच दोघांचे तेवढेच प्रश्न बरोबर येऊनही स्कोअर वेगळा येऊ शकतो, कारण कुठले बरोबर आले ते बघितलं जातं.

आता इंग्रजीकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथे आहे आणि मला तिथे जरा जास्त बोलायचंय.

बोर्डाच्या पेपरात उतारा येतो आणि खाली प्रश्न. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ती ओळ उचलायची, उत्तर झालं. आमच्या वेळी तर बाई सांगायच्याच की आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात रेघा मारा. एसएटीत उतारे छोटे असतात, 25 ते 150 शब्दांचे, आणि प्रत्येकाखाली एकच प्रश्न, 27 प्रश्नांना 32 मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला साधारण 71 सेकंद. पण उत्तराची ओळ उताऱ्यात नसते. उताऱ्यावरून काय म्हणता येतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय म्हणता येत नाही, ते बघतात. मी भाचीला मराठीत एक उतारा बनवून दिला, तोच देतो.

समजा उतारा असा: एका तालुक्यात शेततळी खोदल्यावर दोन वर्षांत विहिरींची पाणीपातळी वाढली. त्या दोन्ही वर्षी पाऊस मात्र सरासरीपेक्षा जास्त होता. शेजारच्या तालुक्यात शेततळी नव्हती, तिथल्या विहिरींची पातळीही तेवढीच वाढली. यावरून असं दिसतं की... आता पर्याय. एक, शेततळ्यांचा काहीच उपयोग होत नाही. दोन, शेतकऱ्यांनी ठिबक सिंचन वापरायला हवं. तीन, पहिल्या तालुक्यातली वाढ शेततळ्यांमुळेच झाली असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. चार, शेजारच्या तालुक्यानेही शेततळी खोदावीत.

भाचीनं दोन नंबर निवडला. का, तर ठिबक चांगलंच आहे ना! चांगलं आहे, पण उताऱ्यात त्याचं नावच नाही. शाळेत निबंधात असलं वाक्य शेवटी टाकलं की बाई खूश होऊन अर्धा मार्क जास्त देतात, इथे तोच सापळा. माझ्या बहिणीनं (ती पण ऐकत होती) एक नंबर सांगितला. तो जवळ जातो पण फार लांब उडी मारतो, उपयोग सिद्ध झाला नाही आणि उपयोगच नाही या दोन वेगळ्या गोष्टी. बरोबर उत्तर तीन, जे वाचायला सगळ्यात मिळमिळीत आहे. आणि एसएटीत बऱ्याचदा असंच असतं, बरोबर उत्तर जपून बोलणारं, हातचं राखून. "नेहमी", "कधीच नाही", "फक्त यामुळेच" असले ठाम शब्द पर्यायात दिसले की आपण थांबून परत उतारा बघायचा. आपल्याला ठाम वाक्यं आवडतात, टीव्हीवरच्या चर्चा बघून अजूनच.

यात मीडियमचा भागही आहे. आपल्याकडे बरीच पोरं सेमी इंग्लिशची, गणित आणि सायन्स इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. त्यांना इंग्रजी वाचता येतं पण ते सूत्रांच्या आजूबाजूचं इंग्रजी असतं. एसएटीत एकदम शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या कादंबरीचा तुकडा, मग कवितेच्या चार ओळी, मग कुठल्या किड्यावरचं संशोधन, असं येतं. पण इंग्लिश मीडियमवाल्यांनीही फार खूश होऊ नये, भाची इंग्लिश मीडियमचीच आहे. वाचण्याची सवय हा वेगळा विषय आहे, आणि अकरावीत जेईईच्या क्लासच्या पुस्तकांपलीकडे काही वाचायला पोरांकडे वेळ असतो का, हे तुम्हीच सांगा.

व्याकरणाचं एक गमतीशीर आहे. मराठीत आपण स्वल्पविराम देत देत वाक्य कितीही लांबवतो, मी आलो, तो गेला, चहा झाला, आपल्याला काही वाटत नाही, हा लेखच बघा की. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमानं जोडली तर ती चूक धरतात, तिथे फुलस्टॉप हवा, नाहीतर सेमीकोलन, नाहीतर मध्ये जोडणारा शब्द. एसएटीत यावर प्रश्न हमखास असतात आणि नियम मोजून सात-आठ आहेत. दोन रविवार घालवले तर हे मार्क पक्के होतात, पण पोरं याच्याकडे ढुंकून बघत नाहीत कारण "ग्रामर मला येतं". भाचीचे पहिल्या टेस्टमध्ये असले सहा प्रश्न चुकले होते.

गणितात आपण राजे, असं सगळे म्हणतात, आणि थोडं खरं पण आहे. तरी 660 का आले? तिच्या चुका बघितल्या तर तीन प्रकार निघाले.

पहिला, हातानं सोडवायचा हट्ट. एसएटीच्या स्क्रीनवरच डेसमॉस नावाचा ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर असतो, पूर्ण गणिताला वापरता येतो, सूत्रांचा तक्ताही देतात. दोन समीकरणं टाईप करा, रेघा जिथे छेदतात तिथे क्लिक करा, उत्तर समोर. आपल्याकडे बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, बारावीलाही लॉग टेबल घेऊन बसतो आपण, त्यामुळे ते वापरणं पोरांना चीटिंग केल्यासारखं वाटतं. भाची म्हणाली, "पण स्टेप्स?" अगं स्टेप्सना मार्कच नाहीत तिथे. पायऱ्या लिहून अर्धे मार्क वाचवायचे हा आपला बोर्डाचा संस्कार.

दुसरा प्रकार फीट, इंच, गॅलन, याचा. फार नाही, पण 12 इंचांचा एक फूट आणि 3 फुटांचा एक यार्ड हे पाठ नसेल तर आयत्या वेळी मेंदू अडकतो. एवढंच.

तिसरा खरा महत्त्वाचा, आकडेवारीचा. मध्यक, बहुलक आपण काढतो, पण नमुना कसा घेतला आणि त्यावरून कुणाबद्दल काय बोलता येतं हे आपल्याला कुणी शिकवतच नाही. उदाहरण देतो. पुण्यातल्या एका कॉलेजच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून 300 पोरं निवडली, त्यातली 62 टक्के बसनं येतात, आणि मार्जिन ऑफ एरर 4 टक्के आहे. काय म्हणता येईल? आपलं पोरगं म्हणतं पुण्यातली 62 टक्के पोरं बसनं येतात. चूक, दोनदा चूक. चिठ्ठ्या एका कॉलेजातल्या, तर बोलणंही त्याच कॉलेजपुरतं, आणि 62 हा नेमका आकडा धरायचा नाही, 58 ते 66 च्या मध्ये कुठेतरी असण्याची दाट शक्यता एवढंच. यात आकडेमोड शून्य आहे, म्हणून जेईईवाली पोरं याला गणित मानतच नाहीत आणि मार्क घालवतात. खरंतर ही गोष्ट एसएटीच्या बाहेरही सगळ्यात उपयोगाची, निवडणुकीच्या वेळी एक्झिट पोल बघताना आठवा.

मध्येच एक प्रश्न येतो की एसएटी लागते तरी का, ऐच्छिक झालीय ना. 2020 ला कोविडमध्ये बऱ्याच कॉलेजांनी ती ऐच्छिक केली होती, हे खरं. पण एमआयटीनं 2022 मध्ये परत सक्तीची केली, 2024 मध्ये डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक अशी रांगच लागली. उलट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची कॉलेजं, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे, स्कोअर पाठवला तरी बघत नाहीत. त्यामुळे आधी कॉलेजांची यादी, मग परीक्षा, आणि प्रत्येक कॉलेजच्या वेबसाईटवर स्वतः जाऊन बघायचं, एजंटच्या व्हॉट्सॲपवर विसंबायचं नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर ऐच्छिक असलं तरी चांगला स्कोअर असेल तर पाठवावा, कारण आपलं राज्य बोर्ड, त्याचे 94 टक्के म्हणजे नक्की किती चांगलं, हे तिकडच्या माणसाला लगेच उमगेलच असं नाही, 1480 म्हटलं की उमगतं.

जीआरईवर थोडं, कारण इंजिनिअरिंगवाल्यांची ती जुनी सोयरीक. सप्टेंबर 2023 पासून ती 1 तास 58 मिनिटांची झालीय, आधी पावणेचार तास चालायची. क्वांटचे म्हणजे गणिताचे 27 प्रश्न, व्हर्बलचे म्हणजे इंग्रजीचे 27, एक निबंध. दोन्हीकडे 130 ते 170 मार्क. आपल्या पोरांचं चित्र ठरलेलं असतं, क्वांट 166, व्हर्बल 148. माझं पण तेच होतं, जुन्या 800 च्या मोजपट्टीवर क्वांट 790 आणि व्हर्बल 420, आणि मी महिनाभर पेढे वाटल्यासारखा फिरत होतो. मग कुणीतरी पर्सेंटाईल दाखवलं. क्वांटला जगभरातून इतके जण वरचे मार्क घेतात की 170 पैकी 170 आले तरी पर्सेंटाईल नव्वदीच्या आसपासच राहतं, आणि 160 म्हणजे साधारण मधल्या गर्दीत. व्हर्बलला तेच 160 ऐंशीच्या वर जातं. म्हणजे क्वांटमध्ये 166 चे 169 करायला महिना घालवण्यापेक्षा व्हर्बलमध्ये सात-आठ मार्क वाढवणं जास्त दिसतं. पण पोरं क्वांटच करत बसतात, कारण तिथे बरं वाटतं.

व्हर्बल म्हटलं की शब्दांच्या याद्या. जुन्या जीआरईत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या असायच्या, तेव्हा तीन-साडेतीन हजार शब्द घोकण्याला अर्थ होता. 2011 ला ते प्रश्न गेले, याद्या मात्र क्लासांनी सोडल्या नाहीत. आता गाळलेल्या जागा येतात, कधी एका उताऱ्यात तीन, आणि तिन्ही बरोबर आल्या तरच मार्क, दोन आल्या तर शून्य. इथे शब्दाचा अर्थ पाठ असण्यापेक्षा वाक्य कुठे वळतंय ते कळावं लागतं. आणि काही शब्द तर चकवाच देतात. एनर्व्हेट ऐकलं की आपल्याला एनर्जी आठवते, अर्थ बरोबर उलटा, अंगातलं त्राण काढून घेणे, गळाठून टाकणे. यादीत एकदा वाचून हे टिकत नाही, दोन-चार लेखांत भेटला की टिकतो.

क्वांटमध्येही एक प्रकार आपल्याला हमखास पाडतो, दोन रकमांची तुलना. डावीकडे क्षचा वर्ग, उजवीकडे क्ष, मोठं कोण? आपण डोळे झाकून वर्ग म्हणतो. क्ष जर अर्धा असेल तर वर्ग पाव, म्हणजे लहान. क्ष एक असेल तर दोन्ही सारखे. क्ष कोण ते सांगितलंच नाही, म्हणून उत्तर "ठरवता येत नाही". आपल्याकडे प्रश्न दिला म्हणजे उत्तर असतंच, ठरवता येत नाही असं लिहिलं तर सर वही फेकून मारतील!

निबंधाचं एवढंच सांगतो की तो टाईप करायचा असतो आणि तिथल्या एडिटरमध्ये स्पेलिंग तपासायची सोय नसते, लाल रेघ येत नाही. मोबाईलवर दोन अंगठ्यांनी टाईप करणाऱ्या पिढीला कीबोर्डवर अर्ध्या तासात दीड पान लिहिणं जड जातं, त्याची वेगळी सवय करावी लागते.

आता आयईएलटीएस. इथे चांगलं इंग्रजी बोलणारी पोरंही पडतात. वाचनात एक प्रकार असतो, विधान खरं, खोटं की उताऱ्यात दिलेलंच नाही. समजा उताऱ्यात आहे, आजोबा रोज सकाळी चालायला जातात. विधान एक, आजोबा आठवड्यातून दोनदाच चालायला जातात, हे खोटं. विधान दोन, आजोबांना चालायला आवडतं. खरं? नाही, दिलेलं नाही, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून जात असतील बिचारे. विधान तीन, आजोबा संध्याकाळी चालायला जात नाहीत. हेही दिलेलं नाही! सकाळी जातात म्हणून संध्याकाळी जात नाहीत असं कुठे म्हटलंय. आपण मनानं जागा भरतो, आणि माणसांत राहताना तेच करावं लागतं, पण परीक्षेत ते बाजूला ठेवायचं.

ऐकण्याची रेकॉर्डिंग एकदाच वाजते, परत नाही. आणि उत्तराचं स्पेलिंग चुकलं तर मार्क गेला. इथे मराठी माणसाची एक खास अडचण आहे. आपण बोलताना ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई यांत फारसा फरक करत नाही, शाळेत शुद्धलेखनात मार्क जायचे ते यामुळेच. इंग्रजीत शिप आणि शीप, लिव्ह आणि लीव्ह, यांत अर्थच बदलतो, कानाला ते वेगळं ऐकायची सवय लावावी लागते आणि बोलतानाही. मात्र बोलण्याच्या परीक्षेसाठी अमेरिकन ॲक्सेंट आणायची काही गरज नाही, समोरच्याला न अडखळता कळलं की झालं. खोटा ॲक्सेंट काढणारी पोरं दुसऱ्या मिनिटाला घसरतात आणि मग "ॲक्च्युअली" आणि "बेसिकली" एवढेच शब्द उरतात.

याच्याही पुढे जाऊन क्लासवाले पाठ केलेली उत्तरं देतात. ओळखीतल्या एका मुलाला एका क्लासनं सगळ्या निबंधांना चालेल असा साचा दिला होता, सुरुवातीचा परिच्छेद तोच, शेवटचा तोच, मध्ये विषय भरायचा. लिहिण्यात 9 पैकी साडेपाच आले. तपासणाऱ्यांना पाठ केलेलं ओळखायला शिकवलेलं असतं हो. त्याचे बाकीचे मार्क मात्र बघण्यासारखे होते, ऐकणं 8, वाचन साडेसात, बोलणं साडेसहा. सरासरी 6.875, ती जवळच्या अर्ध्यावर नेतात म्हणजे एकूण 7. घरात आनंदीआनंद. आणि कॉलेजची अट होती एकूण साडेसहा, पण कुठल्याही भागात सहाच्या खाली नको. झालं, लिहिण्याचे साडेपाच आडवे आले. तेव्हा अट वाचताना "एकूण" एवढंच वाचू नका. आता एकच भाग परत द्यायची सोय निघालीय, पण ती तुमचं कॉलेज मानतं का ते आधी विचारा. टोफेलचं तर 2026 च्या जानेवारीपासून स्वरूप आणि मार्कांची पट्टीच बदललीय, 120 ची जाऊन 1 ते 6 अशी आलीय, तेव्हा ताईकडून आलेली जुनी पुस्तकं वापरताना साल बघा.

अभ्यासाच्या बाहेरची भानगड वेगळीच. नावाचंच घ्या. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि नाव आणि वडिलांचं नाव एकत्र दुसऱ्या रकान्यात. पोरं घाईत मार्कशीट समोर ठेवून फॉर्म भरतात आणि परीक्षेच्या दिवशी ओळखपत्राशी नाव जुळत नाही. पासपोर्ट काढून समोर ठेवा आणि त्यात आहे तसंच भरा. नसेल काढला तर सगळ्याच्या आधी तो काढा.

मग पैसे. एसएटीला शंभर डॉलरच्या वर जातात, जीआरई त्याच्या साधारण दुप्पट, आयईएलटीएस पंधरा हजारांच्या पुढे, दोनदा द्यायची झाली तर करा हिशोब. एसएटी आणि जीआरईचा स्कोअर चार कॉलेजांना फुकट पाठवता येतो पण ती नावं वेळेत द्यावी लागतात, नंतर प्रत्येकाचे वेगळे पैसे. आणि डॉलरमध्ये पैसे भरताना कार्ड चालत नाही म्हणून लोक साईटला शिव्या घालतात, बहुतेक वेळा कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात, 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्ड तसंच येतं, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करायचं.

सेंटरचंही सगळ्यांना सारखं नाही. पुण्या-मुंबईच्या पोराला रिक्षानं जाता येतं, गडचिरोलीच्या किंवा हिंगोलीच्या पोराला आदल्या दिवशी प्रवास, रात्री लॉज, सकाळी अनोळखी शहर, आणि एसएटीसाठी लॅपटॉप स्वतःचा न्यायचा, तोही पूर्ण चार्ज करून. जीआरई घरून देता येते, पण नियम असे की खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, दार बंद, इअरफोन नाही, कच्चं काम साध्या कागदावर चालत नाही, पुसता येईल अशा पांढऱ्या बोर्डवर करायचं. डोंबिवलीच्या वन बीएचकेत दोन तास कुणी दार उघडायचं नाही, शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही आणि लाईटही जायची नाही, हे जमवणं हीच एक परीक्षा आहे.

वेळापत्रकाचा घोळ शेवटी कळतो. अमेरिकेचे अर्ज बारावीच्या वर्षातल्या 1 नोव्हेंबर किंवा 1 जानेवारीच्या आसपास बंद होतात. आपल्याकडे तेव्हा प्रिलिम, पुढे प्रॅक्टिकल, फेब्रुवारीत बोर्ड, मग सीईटी. म्हणजे एसएटी अकरावीच्या उन्हाळ्यात नाहीतर फार तर बारावीच्या ऑक्टोबरपर्यंत उरकायला हवी, आणि हे बहुतेकांना कळतं बारावीच्या दिवाळीत.

भाचीचं सध्या असं चाललंय की रोज वीस मिनिटं इंग्रजीतला एखादा लांब लेख वाचायचा, कुठलाही, आणि तो काय म्हणतोय ते आईला मराठीत दोन वाक्यांत सांगायचं. रविवारी ब्लूबुकमधली नाहीतर खान अकॅडमीवरची प्रॅक्टिस, दोन्ही फुकट आहेत. आणि चुकांची एक वही, ज्यात बरोबर उत्तर लिहायचं नाही, आपण चुकीचं का निवडलं ते लिहायचं. त्या वहीत "उताऱ्यात नव्हतं, मला खरं वाटलं" हे वाक्य मी मोजलं, पहिल्या दोन पानांत चौदा वेळा होतं.

परवा चौथी टेस्ट झाली. 1390. कोरे प्रश्न नऊवरून एकावर आलेत. तो एक का सोडला म्हणून विचारलं, तर जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मामा, खरं सांगू? खात्री नव्हती."